‘सिरॅमिकने भरलेले रबर’ म्हणावे का?

प्रश्न: वाकणाऱ्या अँटेना आणि संवेदकांसाठी रबरात बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकची पूड मिसळतात. त्या पदार्थाला मराठीत काय म्हणावे? ‘सिरॅमिकने भरलेले रबर’ वाचले की पोकळ नळीत काहीतरी ठासल्यासारखे वाटते. आणि अशा मिसळलेल्या पुडीला ‘फिलर’ म्हणतात, तो पूरक की भराव?

– ‘भरलेले’ नकोच. पूड रबराच्या अंगात सगळीकडे विखुरलेली असते, म्हणून ‘सिरॅमिकमिश्रित रबर’. ‘भराव’ म्हटले की रस्त्याखालचा मुरूम डोळ्यांपुढे येतो. ‘पूरक’ म्हणजे कमी पडले ते भरून काढणारे. इथे तर पूडच गुणधर्म ठरवते. ‘भरणद्रव्य’ चालेल, पण कामावरची माणसे फिलरच म्हणतात आणि लेखातही तो खटकत नाही.

– नावापेक्षा ‘प्रमाण’ हा शब्द जास्त घात करतो. ‘30 टक्के टायटॅनेट’ लिहाल तर वजनी की घनफळी, हे सांगाच. सिलिकोन रबराची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 1.1 ग्रॅम, टायटॅनेटची 6. घनफळी 30 टक्के हवे असेल तर 100 ग्रॅम रबराला सुमारे 234 ग्रॅम पूड लागते. कोणी तेच वजनी समजून 43 ग्रॅम घातली, तर घनफळात ती जेमतेम 7 टक्के भरते आणि तयार रबरी पत्र्याची धारिता (विद्युत् प्रभार साठवण्याची क्षमता) नुसत्या रबरापेक्षा फारशी वाढत नाही. रबरवाल्यांची तिसरीच रीत: 100 भाग रबरामागे वजनाने किती भाग.

प्रश्न: ‘डायइलेक्ट्रिक’ला विद्युतरोधक चालेल ना?

– नाही. रोधक म्हटले की प्रवाह अडवणे एवढेच कळते. इथे हवे आहे ते विद्युत्क्षेत्रात ध्रुवित होणे, म्हणजे पदार्थातले धन-ऋण प्रभार किंचित सरकणे. ‘विद्युत् अपारक’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण नुसते ‘अपारक’ लिहिले तर वाचक अपारदर्शक समजतो. हे ध्रुवण किती, ते सांगणाऱ्या आकड्याला ‘डायइलेक्ट्रिक स्थिरांक’ म्हणणे सर्वात सुरक्षित. रबराचा तो 3 च्या आसपास, टायटॅनेटचा हजारावर. तरी घनफळी 30 टक्क्यांनाही मिश्रणाचा साधारण 10 च्या आसपासच राहतो, कारण कण बेटांसारखे सुटे असतात आणि क्षेत्राचा बहुतेक भार मधल्या रबरावरच पडतो.

– एक शब्द मात्र आपला अगदी नेमका आहे: ‘गुठळी’. पूड दमट असली की गुठळ्या होतात, त्यांच्या पोटात हवा अडकते आणि विद्युत्दाब (व्होल्टेज) वाढला की विद्युत्भंग, म्हणजे रोधन तुटून प्रवाह आरपार जाणे, तिथूनच सुरू होतो. म्हणून पूड आधी 120 अंश सेल्सिअसला काही तास वाळवा, थोडीथोडी घाला, मग निर्वातात हवा काढा.

– त्याच्याच जोडीला ‘चिकट’ सांभाळून वापरा. पूड जास्त झाल्याने ओतता येत नाही ते मिश्रण ‘दाट’. क्युअर न झाल्याने, म्हणजे रबर पक्के न जमल्याने, बोटाला लागते ते ‘चिकट’. दोन्हींची कारणे वेगळी. प्लॅटिनम उत्प्रेरकावर क्युअर होणाऱ्या सिलिकोनमध्ये अमिनो सायलेन (पूड रबराला नीट धरून राहावी म्हणून कणांवर लावायचे रसायन) लावलेली पूड गेली, तर त्यातल्या अमाइनमुळे उत्प्रेरक निकामी होतो आणि पत्रा चिकटच राहतो. तिथे व्हिनाइल सायलेन घ्यावे. अहवालात दोन्हींना ‘चिकट’ लिहिले, तर पुढचा माणूस सायलेन बदलायचे सोडून पूड कमी करत बसतो.