मदत हवी आहे: एआय कोचला खमकं कसं करायचं?

मंडळी, चाकणच्या कारखान्यात नुकतीच शिफ्ट इन्चार्ज झालेय. हाताखालचे काही ऑपरेटर वडिलांच्या वयाचे, त्यांना उशिराबद्दल टोकायचं तर जीभच उचलत नाही. कंपनी कोच वगैरे देत नाही (ते लाड साहेब लोकांचे), म्हणून चॅटजीपीटीला ‘तू उशिरा येणारा जुना ऑपरेटर हो’ सांगून मराठीतच सराव करते. पण हा गडी दुसऱ्याच वाक्याला ‘बरोबर आहे मॅडम’ म्हणतो, वर माझंच कौतुक! एप्रिल २०२५ मध्ये अशाच गोडबोलेपणापायी ओपनएआयने (चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने) त्याचं एक अपडेट मागे घेतलं होतं, तरी खोड आहेच.

त्याने अडून बसावं, उलट बोलावं, यासाठी नेमकी काय सूचना देता? आणि कुणाचंही नाव, हजेरी न टाकता प्रसंग कसा मांडता?