अनुभव धागा : गाडीची चावी हरवली, बिघडली, बंद पडली... तुमचं काय झालं?

काल कपाट आवरताना बाबांच्या औषधांच्या डब्याखाली एक पत्र्याचा तुकडा सापडला. नखाएवढा, वर मुंगीच्या अक्षरात नंबर. बाबांच्या जुन्या गाडीच्या चावीचा. गाडी विकून सहा वर्षं झाली, बाबांना जाऊन चार.

संक्रांतीचा गड्डा होता, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, त्यातला अक्षतेचा दिवस. बाबा दरवर्षी बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचे. बाराबंदी-धोतराला खिसा कुठला, त्यांनी चावी कमरेला खोचलेली. सात नंदीध्वज, ती गर्दी, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, आणि परत सात रस्त्याला गाडीपाशी आलो तर चावी नाही. दुसरी चावी बाळीवेशीतून जुळे सोलापूरला घर हलवताना कधीच गेली होती. "करून घेऊ की" असं दोन वर्षं चाललं होतं.

रात्री एका चावीवाल्या काकांनी दार उघडलं, कुलूप बघून पातंही कापून दिलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबांनी सेल्फ मारला, गाडी चालू झाली आणि दोन सेकंदांत बंद. परत तेच. मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत होतं. काका म्हणाले, "साहेब, लोखंड मी दिलं, पण आतली चिप कुठून देऊ?" चावीत चिप असते हे आम्हाला त्या रात्री कळलं. गाडी टोचन करून वर्कशॉपला नेली. नऊ दिवस. बाबा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे.

तो पत्रा तेव्हा सापडला असता तर नंबरावरून चावी लवकर मागवता आली असती. काल तो हातात धरून बराच वेळ बसले होते. तुमचेही अनुभव लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

कंबरतलाव
वाचून बाबांची आठवण आली. आमचेही बाराबंदीवाले.
आमची चावी पंढरपुरात चंद्रभागेत पडली, शर्टाच्या खिशातून. गुडघाभर पाण्यात भावानं पायानं चाचपून काढली. रिमोट गेला तो गेलाच, पण गाडी सुरू झाली! कसं काय ते आजवर कळलं नाही.

चावीवाला_सोलापूर
@कंबरतलाव, माझं कामच हे आहे म्हणून सांगतो. एकाच प्लास्टिकमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. दार उघडायचा रिमोट सेलवर चालतो, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर. आणि इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी, तिला सेल लागतच नाही. चावी घालतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्यातूनच चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. चिप बऱ्याचदा काचेच्या बंद नळीत असते, तांदळापेक्षा जरा मोठी. म्हणून पाण्यात टिकली.
धागाकर्तीच्या गाडीत तेच झालं. पातं बरोबर होतं, ओळख नव्हती. इंजिन स्वतःहून बंद झालं.
गिऱ्हाईक आहे, नंतर लिहितो.

शेंगाचटणी
नऊ दिवस म्हणजे कमी लागले तुमचे. आम्हाला तीन आठवडे. आरसी, आधार, चॅसी नंबर, सगळं दिलं तरी रोज "उद्या येईल". शेवटी मिस्टर तिथंच जाऊन बसले दिवसभर. १४ हजार गेले, बटन दाबून सुरू होणाऱ्या गाडीची होती ना.

होटगी_रोड
बटनस्टार्टवाल्यांनी हे वाचाच. नळदुर्गचा किल्ला बघून उतरलो, पाऊस, दोन लहान मुलं, आई. चावी खिशात आणि गाडी ऐकेना. सेल संपलेला. गाडीचं पुस्तक कुठं तर गाडीतच! एका ट्रकवाल्या दादांनी चावी हातात घेतली, बाजूची खिटी ओढली आणि आतून लोखंडी पातं बाहेर! दाराच्या हँडलवरची टोपी काढून कुलूप उघडलं. मग म्हणाले, चावीच बटनाला टेकवून धरा, ब्रेक दाबा आणि तसंच बटन दाबा. सुरू. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. दादा, कुठं असाल तिथं सुखी राहा.

चावीवाला_सोलापूर
बरोबर केलं त्यांनी. सेल मेला तरी चिप जवळून बोलते. फक्त कुठं टेकवायची ते गाडीगणिक वेगळं, कुणाची बटनाला, कुणाची स्टिअरिंगच्या बाजूला, कुणाला कपाच्या जागेत खाच. आज घरी उभी आहे तेव्हाच करून बघा.

सुईधागा
बाराबंदीला हल्ली आतून छोटा खिसा शिवून मागतात, मोबाईलसाठी. मी शिवते. आधी सांगितलं तर चावीचाही देईन 🙂

कंबरतलाव
@सुईधागा कुठं आहे दुकान? पोराला यंदा पहिल्यांदा शिवायची आहे. वय ९.

सुईधागा
अशोक चौकाकडं. मेसेज करते. नऊ वर्षांच्याला थोडी वाढीव शिवू, दोन-तीन वर्षं जाईल.

आई_दोघांची
विषय थोडा वेगळा पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. रिमोटचा सेल बदलून जुना टेबलावर ठेवला होता. पावणेदोन वर्षांची मुलगी. सेल दिसेना. तिला विचारलं तर तोंड उघडून दाखवते. दवाखान्यात नेईपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. एक्स-रेमध्ये काही नव्हतं, सेल नंतर सोफ्याखाली मिळाला. पण डॉक्टर म्हणाले, आलात ते योग्य केलंत, हा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. उलटी काढत बसायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. सेल काढला की दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि वर ठेवा, कृपा करून.

शेंगाचटणी
बाई गं. काटा आला. आत्ता उठून ड्रॉवर बघितला, तीन निघाले.

विजापूर_वेस
सेलचं विचारायचंच होतं. २०३२ च्या जागी दुकानदारानं २०२५ दिला, कधी चालतो कधी नाही

चावीवाला_सोलापूर
दोन्ही तीन व्होल्टचे, २० मिलिमीटर रुंद. शेवटचे दोन आकडे जाडीचे, ३२ म्हणजे ३.२ मिमी, २५ म्हणजे २.५. पातळ बसला की ढिला राहतो. जो लिहिलाय तोच घाला.

जुनी_गाडी_नवा_मालक
सेकंडहँड घेताना एकच चावी मिळाली, दुसरी "शोधून देतो" म्हणाले. सहा महिने झोप नव्हती मला. कुणाकडं तरी माझ्या दाराची चावी आहे असंच वाटायचं. शेवटी जुन्या चाव्यांची नोंद पुसून नवीन कोडिंग करून घेतलं. एक चावी चालू असताना दुसरी करायला बाहेर साडेतीन हजार लागले. सगळ्या हरवल्यावर शेजाऱ्यांना त्याच्या तिप्पट.

चावीवाला_सोलापूर
महत्त्वाचं राहिलं. कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या. बऱ्याच गाड्यांत नवीन चावी भरताना समोर नसलेली यादीतून पुसली जाते. लोक घरी जातात आणि जुनी चालत नाही म्हणून भांडायला येतात. आणि माझ्याकडं या किंवा कुणाकडंही जा, आरसी न मागता चावी करून देणाऱ्याकडं जाऊ नका. जो तुम्हाला विचारत नाही तो चोरालाही विचारत नाही.

पॉलिसीताई
विम्यात काम करते. गाडी चोरीला गेली की क्लेममध्ये दोन्ही चाव्या मागतात. एक हरवली असेल तर हरवली त्याच वेळी पोलिसांत नोंद केलेली हवी, चोरीनंतर सांगून माणसं अडकतात. चावी बदलायच्या खर्चाचं कव्हर वेगळं असतं, पॉलिसी घेतानाच जोडावं लागतं. वर्षाकाठी किती वेळा मिळणार तेही वाचा.

मोदी_खान्यातला
बटनवाल्या गाड्यांची चोरी चावीला हात न लावता करतात म्हणे. खरंय?

इलेक्ट्रॉनिक्स_मास्तर
खरं आहे. एक जण तुमच्या दारापाशी यंत्र घेऊन उभा, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक लांबवून घरातल्या चावीपर्यंत पोचवतात, गाडीला वाटतं चावी जवळच आहे. म्हणून दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. मी पोरांना शिकवताना दाखवतो, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात चावी ठेवायची, डबा घेऊन गाडीपाशी जायचं आणि हँडल ओढायचं. उघडली तर डबा बदला. आमच्या घरी शेंगाचटणीचा जुना डबा पास झाला.

शेंगाचटणी
माझं नाव सार्थकी लागलं 😄

होटगी_रोड
मास्तर, ॲल्युमिनियम फॉइल चालेल का

इलेक्ट्रॉनिक्स_मास्तर
नीट गुंडाळली तर चालते, पण चार दिवसांत फाटते. डबाच बरा.

धागाकर्ती
दिवसभर शाळेत होते, आत्ता सगळं वाचलं. @आई_दोघांची, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या सध्याच्या गाडीची दुसरी चावी कुठं आहे ते मला पटकन सांगता आलं नाही. मिळाली, देवघराच्या खणात होती. उद्या सेल बदलते.

आणि एक. बाबांची गाडी घेतलेल्यांचा नंबर जुन्या डायरीत होता, लावून बघितला. अक्कलकोटला असतात. गाडी अजून आहे त्यांच्याकडं, आणि चावी एकच. पत्र्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, पोस्टानं पाठवू नका, गहाळ होईल." रविवारी मीच देऊन येते. गाडीही बघेन एकदा.

कंबरतलाव
जाण्याआधी पत्र्याचा फोटो काढून ठेवा. आणि गाडीत बसून बघा दोन मिनिटं, ते नाही म्हणणार नाहीत.