पीएमआय ५९.३ आणि आमची रात्रपाळी बंद: हा आकडा वाचायचा कसा?

शिरोलीचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून देतो. जास्त माल पंप आणि व्हॉल्व्हचा, थोडा ट्रॅक्टरचा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळ्या बिझनेस चॅनलांवर एकच गजर चालू होता: ऑगस्ट २०२५ चा मॅन्युफॅक्चरिंग पीएमआय (परचेसिंग मॅनेजर्स इंडेक्स) ५९.३, साडेसतरा वर्षांतला सर्वात जास्त. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या कस्टमरनं शेड्यूल कापलं. एक्स्पोर्टचा माल, अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफचं कारण. रात्रपाळी बंद करावी लागली. मेव्हणा म्हणतो, देशात तेजी आहे, तुझ्याच धंद्यात गडबड आहे. आता त्याला काय सांगायचं!

दुसरी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्यायचा विचार होता, बँकेचं सँक्शनही झालंय. हा आकडा काढतं कोण आणि माझ्यासारख्यानं तो किती मनावर घ्यायचा?

---

जुना_परचेसवाला

मेव्हण्याला सांगा, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मी नाशिकला अंबडमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत परचेस बघायचो आणि निवृत्त होईपर्यंत हा फॉर्म भरायचो. भारताचा पीएमआय एस अँड पी ग्लोबल काढते, सध्या त्याच्या पुढे एचएसबीसीचं नाव लागतं. देशभरातल्या साधारण ४०० कारखान्यांच्या परचेस मॅनेजरांना महिन्याच्या मध्यानंतर प्रश्न जातात. उत्पादन, नव्या ऑर्डरी, एक्स्पोर्टच्या ऑर्डरी, माणसं, कच्च्या मालाचा भाव, आपला विक्रीचा भाव, सप्लायर किती दिवसांत माल देतोय, स्टोअरला साठा किती. प्रत्येकाला उत्तरं तीनच: गेल्या महिन्यापेक्षा जास्त, तेवढंच, कमी. शिवाय बदल कशामुळे झाला तेही विचारतात. मी तिथं ‘दिवाळीचं शेड्यूल लवकर आलं’ किंवा ‘कोळसा महागला, फाउंड्रीनं रेट वाढवून मागितला’ असलं काहीबाही लिहायचो.

आता गंमत बघा. आमचं उत्पादन दोन टक्क्यांनी वाढलं तरी मी ‘जास्त’वर टिक करणार आणि चाळीस टक्क्यांनी वाढलं तरी ‘जास्त’वरच. मग एकेका प्रश्नाचा हिशेब असा: समजा शंभरातल्या ४० जणांनी ‘जास्त’ म्हटलं, ४५ जणांनी ‘तेवढंच’, १५ जणांनी ‘कमी’. चाळीस पूर्ण धरायचे, पंचेचाळीसचे निम्मे, म्हणजे ४० अधिक २२.५, झाले ६२.५. (सणासुदीचा, मार्चएंडचा चढउतार नंतर गणितानं काढून टाकतात.) सगळेच ‘तेवढंच’ म्हणाले तर बरोबर ५०. म्हणून ५० ही वेस: वर गेला तर वाढ, खाली गेला तर घट.

सुधारणा किती जणांकडे पसरली आहे ते यातून कळतं, किती झाली ते नाही. आणि ६२.५ आला तरी पंधरा जण ‘कमी’ म्हणालेले असतातच. ५९.३ च्या महिन्यातही तुमच्यासारखे होते, फक्त बातमीत ते दिसत नाहीत.

अजून एक. हे ४०० कारखाने निवडताना कुठल्या क्षेत्राचा आणि किती मोठ्या कारखान्यांचा जीडीपीत वाटा किती, ते बघतात. दहा-बारा माणसांच्या शेडपर्यंत तो मेल क्वचितच पोहोचत असावा असं माझं मत.

परचेसवाल्यालाच का विचारतात? कारण मार्केट बसतंय हे त्याला अकाउंट्सच्या आधी कळतं. प्लॅनिंगवाला येऊन ‘साहेब, बारा एमएम प्लेटची परचेस ऑर्डर जरा थांबवा’ म्हणाला, की पुढच्या महिन्यात शॉपमध्ये काय होणार ते मला त्याच दुपारी समजायचं.

---

झणझणीत_तर्री

परदेशी कंपनी काढते, परदेशी बँकेचं नाव लावते. असले आकडे हवे तसे वाकवता येतात. आपल्या गल्लीत काम आहे का बघा, बाकी सगळं थोतांड.

---

ट्रेझरीतली_ताई

@तर्री, वाकवायचाच असता तर एप्रिल २०२० ला २७.४ कशाला दाखवला असता? मार्चमध्ये ५१.८ होता. त्याच एप्रिलमध्ये सर्व्हिसेसचा आकडा ५.४ आला होता. आमच्या डेस्कवर पहिल्यांदा वाटलं की स्क्रीनवर टायपो आहे.

आमच्याकडे पीएमआयला भाव आहे तो वेळेमुळे. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेदहाला आकडा हजर, आणि फ्लॅश म्हणजे कच्चा आकडा त्याच्याही आधी, चालू महिन्यातच. सरकारचा आयआयपी, म्हणजे औद्योगिक उत्पादन निर्देशांक, प्रत्यक्ष उत्पादन मोजतो, पण यायला जवळजवळ महिना लागतो. आता तो २८ तारखेला येतो, पूर्वी तर दीड महिना थांबावं लागायचं. नंतर त्यात दुरुस्त्याही होतात.

लेथवालेदादा, २०२० चे आकडे एका ओळीत लावून बघा, काकांचा मुद्दा लगेच कळेल. एप्रिल २७.४, मे ३०.८, जून ४७.२, जुलै ४६, ऑगस्ट ५२. मे एप्रिलपेक्षा वर आहे म्हणून सुधारला असं वाटतं ना? नाही. मे महिना एप्रिलपेक्षाही वाईट गेला, फक्त तसं म्हणणारे थोडे कमी झाले. ऑगस्टला ५२ आला म्हणजे गाडी कोविडच्या आधीच्या जागेवर आली असंही नाही. जुलैपेक्षा बरं, इतकंच. ऑक्टोबरला तर ५८.९ झाला, तेव्हाही चॅनलांवर असाच गजर होता. खड्ड्यातून वर चढतानाही हा आकडा उंच दिसतो.

शिवाय हेडलाइनचा आकडा पाच भागांचा बनतो: नव्या ऑर्डरी ३० टक्के, उत्पादन २५, रोजगार २०, सप्लायरचा वेळ १५, कच्च्या मालाचा साठा १०. तुमचं दुखणं एक्स्पोर्ट ऑर्डरींचं. त्यांचा निर्देशांक वेगळा असतो, या पाचांत तो स्वतंत्रपणे धरलेलाच नाही. तुम्ही तोच परिच्छेद वाचायचा. मूळ रिपोर्ट फुकट मिळतो, चार-पाच पानांचा.

---

श्टुटगार्टचा_सदाशिवपेठी

सप्लायरच्या वेळेच्या त्या १५ टक्क्यांत एक मेख आहे. सप्लायर उशीर करायला लागले की आकडा वाढतो! विचार असा, की माल मिळायला वेळ लागतोय म्हणजे मागणी जोरात आहे. एरवी ते खरंही असतं.

मार्च २०२१ मध्ये जर्मनीचा मॅन्युफॅक्चरिंग पीएमआय ६६.६ होता, तोवरचा विक्रम. मी गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत आहे. ऑर्डरी होत्या, नाही असं नाही. पण चिप मिळत नव्हत्या, कंटेनर मिळत नव्हते आणि महिनाअखेरीला सुएझमध्ये ते जहाज आडवं झालं. आमच्या लाइनीवर अर्धवट माल पडून, आणि सप्लायर उशीर करतोय म्हणून निर्देशांक वर! पुढे २०२२ च्या मध्यापासून हाच आकडा सलग तीन वर्षं ५० च्या खाली राहिला. तेव्हा त्याचं म्हणणं खरं होतं, ते आम्ही भोगलं.

@तर्री, चीनमध्ये दोन पीएमआय निघतात, एक सरकारी, एक खाजगी. सरकारीत मोठ्या कंपन्यांचा भरणा, खाजगीत छोट्या आणि एक्स्पोर्टवाल्यांचा जास्त. कधीकधी एक ५० च्या वर आणि दुसरा खाली. खोटं कुणीच बोलत नसतं, कुणाला विचारलं त्याचा फरक.

---

शिरोलीचा_लेथवाला

सगळ्यांचे आभार, मेव्हण्याला धाग्याची लिंक पाठवली. तो अजून ‘पाहिलं’ वर आहे.

मग व्हीएमसीचं काय करू?

---

जुना_परचेसवाला

ते पीएमआयला विचारू नका. कस्टमरच्या परचेसवाल्याला गाठा आणि पुढच्या तीन महिन्यांचं टेंटेटिव्ह शेड्यूल मागा. दिलं तर त्यातलं फर्म, म्हणजे पक्कं, किती, हे तोंडावर विचारा. तो ‘बघू, बघू’ करायला लागला तर समजून जा. मीही व्हेंडरला असंच करायचो, वरून ऑर्डर नसली की.

ट्रॅक्टरचं काम मात्र वाढवता येतंय का बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कंपन्यांचे विक्रीचे आकडे दर महिन्याच्या एक तारखेला येतात, त्यात गाडी फॅक्टरीतून डीलरकडे गेली की विक्री धरतात, म्हणून दोन डीलरांना फोन करून यार्डात किती उभे आहेत तेही विचारा.

सँक्शनची मुदत किती आहे आणि रेट फिक्स आहे का? ते लिहा, मग पुढचं बोलू.