पेन्टेकॉस्ट: दहा दिवसांची प्रार्थना की रविवारची जाहीर सभा? (इंदूर)

छावणीकर
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. यंदा पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, 24 मे 2026 ला आहे. इंदुरात मराठी उपासनेला येणाऱ्या घरांनी त्या संध्याकाळी मोठी उज्जीवन (आध्यात्मिक जागृतीची) सभा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारपासून, म्हणजे 14 ते 23 मे, रोज एकत्र प्रार्थना करावी. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला क्रमच तसा आहे. माडीवरच्या खोलीत सुमारे 120 जण एकचित्ताने प्रार्थनेत राहिले, मग वारा आणि अग्नी आला, आणि त्यानंतर येशूचा शिष्य पेत्र लोकांसमोर बोलायला उभा राहिला. आपण थेट पेत्रापासून सुरुवात करतो, म्हणून मंडप उतरला की आवेशही उतरतो.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमात जानेवारी 1905 मध्ये रोजची खास प्रार्थना सुरू केली. उज्जीवन आलं ते जूनअखेर, आणि मुलींच्या तुकड्या गावोगाव सुवार्ता सांगायला निघाल्या त्या त्याच्यानंतर.

वेळ सकाळी 6 ते 6.40. मे महिन्यात संध्याकाळी भिंती तापलेल्या असतात, शिवाय लग्नसराई. एक गीत, कृत्ये 1 व 2 मधली चारपाच वचनं, मग 25 मिनिटं प्रार्थना, शेवटी पाच मिनिटं पूर्ण शांतता. एकाने दोन मिनिटांपेक्षा जास्त प्रार्थना करू नये. प्रार्थनासभा मरते ती बहुतेक इथेच: वडीलधारे दहा-दहा मिनिटं बोलतात आणि तरुण मान खाली घालून बसून राहतात. प्रत्येकाने ज्यांना प्रभूची ओळख नाही अशा पाच जणांची नावं लिहून रोज त्यांच्यासाठी मागावं. यादी वीसवर गेली की ती नुसती वाचली जाते.

रामबागकर
मला हे पटत नाही. दहा दिवसांची तयारी म्हणता म्हणता बोलायचा दिवस कायम पुढे जातो. मंडळीत प्रार्थना होतच नाही असं नाही. शेजाऱ्याला ख्रिस्ताबद्दल साध्या मराठीत सांगता येत नाही, हा आपला खरा आजार आहे. पेत्राचं भाषण काढून बघा: कृत्ये 2, वचन 14 ते 36. एकूण 23 वचनं, मोठ्याने वाचली तर चारेक मिनिटं. योएल संदेष्ट्याची वचनं, स्तोत्र 16, स्तोत्र 110, आणि मध्यभागी एकच गोष्ट: ज्याला तुम्ही वधस्तंभी दिलंत त्याला देवाने उठवलं. हेही सकाळी नऊच्या सुमारास, जमलेल्या लोकांसमोर. आपल्या तरुणांना अशी चार मिनिटांची साक्ष बांधायला कोण शिकवतं?

दुसरं, मे म्हणजे सुट्टी. अर्धी घरं पुण्या-नाशिकला गेलेली असतात. चौथ्या दिवशी खोलीत तेच आठ जण उरतील जे एरवीही येतात. सभेला निदान एकदा तरी सगळे जमतात, आणि नवीन माणूसही धीर करून मागच्या खुर्चीत येऊन बसतो.

संडेस्कूल
मुलांपुरतं. त्या दिवशी कृत्ये 2 वेगवेगळ्या भाषांत वाचायची पद्धत चांगली आहे. आपल्याकडे मराठी, हिंदी, मल्याळम, भिली सहज मिळतात. पण सगळ्यांनी एकदम वाचलं तर नुसता गोंगाट होतो. वचन 5 ते 11 एकेका भाषेत एकेक वचन घ्या, आणि एकत्र आवाज फक्त 11व्या वचनाला.

वकिली नजर
सभा घ्या वा प्रार्थना, मध्यप्रदेशात काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. आपला धर्म सांगण्याचा अधिकार संविधानाचं अनुच्छेद 25 देतं. मात्र स्टेनिस्लॉस खटल्यात (1977) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. राज्याच्या धर्मांतरावरच्या 2021 च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या पाळकांनीही 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सूचना द्यायची आहे. म्हणजे 24 मेला कुणा नव्या व्यक्तीचा बाप्तिस्मा मनात असेल, तर कागद 25 मार्चच्या आत जायला हवा. उत्साहाच्या भरात ‘आजच कोण तयार आहे, पुढे या’ अशी हाक देऊन लगेच बाप्तिस्मा देऊ नका. त्याने त्या माणसालाच अडचणीत टाकाल. पेन्टेकॉस्टला मंडळीतल्याच तरुणांचं दृढीकरण (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) ठेवा, ते त्या दिवसाला शोभतंही.

त्याच कायद्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, मोफत शिक्षण सगळं येतं. सभेच्या जागी धान्य, वह्या, औषधं वाटू नका. ते सेवाकार्य वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने करा. भोंग्याला परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, आणि मोठ्या सभेत ती सहज ओलांडली जाते.

छावणीकरांच्या नावांच्या यादीचीही मला काळजी वाटते. शेजाऱ्याचं आडनावासकट नाव व्हॉट्सॲप गटावर पडलं, की तो स्क्रीनशॉट कुठेही पोहोचतो.

पेटी-तबला
सभा आणि खोली यांच्या मधला रस्ता मराठी माणसाकडे आधीच आहे: कीर्तन. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताची सुवार्ता कीर्तनातून सांगितली. 1917 मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. इंदूरच्या मराठी माणसाला पूर्वरंग-उत्तररंग समजावून सांगावा लागत नाही. नमन, मग पूर्वरंगात एक अभंग आणि 15 मिनिटं निरूपण, मध्ये नामगजर, उत्तररंगात पेत्राचं आख्यान 20 मिनिटं: येशूला नाकारणारा पेत्र ते त्याच्यासाठी उभा राहणारा पेत्र. पेटी, तबला, झांज. भोंग्याची गरज नाही. तालमी मात्र निदान सहा हव्यात, कारण निरूपणावरून पदावर येताना सूर सापडला नाही तर श्रोता तिथेच तुटतो.

रामबागकर
कीर्तन मलाही आवडतं, पण एक अट घाला. निमंत्रणावर आणि नमनातच हे ख्रिस्ताचं कीर्तन आहे असं स्वच्छ सांगा. कुणी अर्ध्यावर कळून फसल्यासारखं उठून गेलं, तर त्या घराचं दार पुढे कायमचं बंद.

छावणीकर
यादीबद्दलची चूक मान्य. आडनाव नको, गटावर तर नकोच. आपल्या बायबलमध्ये कागदाच्या चिठ्ठीवर नुसती पहिली अक्षरं, आणि खोलीत ती मोठ्याने वाचायची नाहीत. बाहेरगावी गेलेल्यांनी त्याच वेळी तिथेच बसावं, फोन न जोडता. जोडला की 25 पैकी दहा मिनिटं ‘आवाज येतोय का’ यातच जातात.

पण क्रम मी सोडणार नाही. रामबागकरांची चार मिनिटांची साक्ष आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी प्रार्थनेनंतर दोघादोघांनी एकमेकांना सांगून बघावी. कीर्तन पेन्टेकॉस्टच्या आदल्या रात्री नको, पुढच्या शनिवारी, 30 मेला.

रामबागकर
तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. तीन दिवसांत कुणाची जीभ सुटत नाही. सभेचा आग्रह यंदापुरता सोडतो, पण दहा दिवस झाल्यावर त्या पाचांपैकी किती जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, हा आकडा मी 31 मेला इथेच विचारणार.