कोलोनोस्कोपीच्या पूर्वतयारीच्या सूचना रुग्णांपर्यंत नीट कशा पोहोचवाव्यात?

कृष्णाकाठची_परिचारिका

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागात काम करते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ठरली की आम्ही रुग्णाच्या हातात पोट साफ करण्याच्या औषधाचे पाकीट आणि सूचनांचा छापील कागद देतो व थोडक्यात तोंडी समजावतो. पूर्वी इंग्रजीत असलेला हा कागद आता मराठीत केला आहे, तरीही पोट पुरेसे साफ न झालेले रुग्ण येतच राहतात. मग तपासणी अर्धवट सोडून पुढची तारीख द्यावी लागते आणि रुग्णाला तो सगळा त्रास पुन्हा सोसावा लागतो.

सर्वांत जास्त घोळ आदल्या दिवशीच्या खाण्यात होतो. 'उपाशी राहा' असे सांगितले की आमच्याकडच्या आजी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचा लाडू खाऊन येतात आणि काल उपास केला असे अगदी खरेपणाने सांगतात. दुसरी अडचण, दोन भागांत घ्यायच्या या औषधाच्या दुसऱ्या भागाची आहे. तो पहाटे घ्यायचा असतो आणि नेमकी तेव्हाच गावाहून सुटणारी एस.टी. गाठायची असते, म्हणून अनेक जण तो भाग सोडून देतात. कागद नव्याने लिहायचा आहे. त्यात काय ठेवावे, काय गाळावे, आणि तो कोणाला वाचून दाखवावा?

पोटविकार_तज्ज्ञ

ताई, औषधाचा दुसरा भाग का महत्त्वाचा, हे कागदावर कारणासकट लिहा. कारण कळले की रुग्ण तो सहसा टाळत नाही. सगळे औषध आदल्या संध्याकाळी संपवले, तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्राव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरून बसतो. पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारे सपाट पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरील वाढ) नेमके त्याच बाजूला जास्त आढळतात आणि त्या थराखाली ते आम्हाला दिसत नाहीत. आम्ही आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे शून्य ते तीन असे गुण देतो. प्रत्येक भागाला किमान दोन गुण मिळाले, तरच तयारी पुरेशी झाली असे धरतो. डावी बाजू लख्ख आणि उजवीला एकच गुण, असे रुग्ण वारंवार दिसतात आणि त्यांच्यातील अनेकांनी पहाटेचा भाग घेतलेला नसतो.

वेळ 'तपासणीच्या चार ते सहा तास आधी' अशी छापू नका. रुग्णाच्या कागदावर घड्याळाची वेळ पेनाने लिहून द्या. तपासणी सकाळी ९ वाजता असेल, तर दुसरा भाग पहाटे ४ ला सुरू करून ६ पर्यंत संपवायचा आणि नंतर घोटभर पाणीही घ्यायचे नाही. तयारी झाल्याची खूणही सांगा: शौचाला फक्त पिवळसर, आरपार दिसेल असे पाणी झाले पाहिजे. तपकिरी किंवा गढूळ पाणी येत असेल, तर रुग्णाने निघण्यापूर्वी विभागात फोन करावा.

गोळ्यांविषयी मात्र कागदावर सरसकट काही लिहू नये. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, इसबगोलही थांबवतात. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रुग्णाने स्वतःहून मुळीच बंद करू नयेत. हृदयात नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवले, तर ते तपासणीपेक्षा कितीतरी धोक्याचे ठरेल. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि हे तारीख देतानाच विचारले नाही तर उशीर झालेला असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोट साफ करण्यासाठी सोडियम फॉस्फेटचे औषध देऊ नये. त्यामुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच गंभीर इशारा दिला होता.

आहारतज्ज्ञ_वहिनी

कागदावर 'कमी तंतुमय आहार' असे लिहिले, तर ते फक्त मला आणि डॉक्टरांना कळते. त्याऐवजी पदार्थांची नावे लिहा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मऊ भात आणि दही, तुरीच्या डाळीचे साधे वरण, मैद्याचा पाव, उकडलेले अंडे हे चालते. भाकरी, पालेभाजी, भेंडी, वांगे, टोमॅटो, पेरू, मोडाची उसळ, तीळ, शेंगदाणे, राजगिरा आणि भगर नको. पालेभाजी आणि कोशिंबीर तब्येतीला चांगली म्हणून लोक त्या दिवशी मुद्दाम जास्त खातात, त्यामुळे त्या नको हे ठळक अक्षरांत छापा. बिया आणि साली दुर्बिणीच्या नळीत अडकतात, एवढे एक वाक्य सोबत असले की पुरते.

त्यानंतर फक्त आरपार दिसणारी पेये घ्यावीत: गाळलेले लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा, वरणाचे वरचे निथळ पाणी, शहाळ्याचे पाणी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळे डॉक्टरांना विचारूनच द्यावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. ताक आणि सोलकढी पातळ असली तरी चालत नाही. कोकम सरबत आणि बिटाचा रस तर अजिबात नको. त्यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

पथ्य किती दिवस, याबद्दल मतभेद आहेत. युरोपीय तज्ज्ञ संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आदल्या एका दिवसापुरते सांगितले आहे. मात्र जुनाट बद्धकोष्ठता असेल, तर मी तीन दिवस पाळायला सांगते.

सांगलीची_सून

माझ्या सासूबाईंची तपासणी झाली तेव्हाचा अनुभव सांगते. सूचना मामंजींना दिल्या गेल्या. मामंजी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नाहीत, त्यामुळे घरी आल्यावर त्यांनी 'हलकं खायचं आहे' एवढेच सांगितले. म्हणून घरात जी व्यक्ती रांधते तिला समोर बसवून सांगा, ती आलेली नसेल तर फोनवर सांगा, आणि तिच्याकडून ते परत वदवून घ्या.

औषध कालवताना दोन लिटर म्हणजे किती तांबे, यावरून आमच्या घरात वाद झाला. शेवटी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापाला घेतली. साधा पेला घेऊन दर दहा-पंधरा मिनिटांनी एक, अशा बेताने थंड करून दिले. मळमळ झाली की अर्धा तास थांबून पुन्हा सुरू केले आणि मध्ये लिंबाची फोड चोखायला दिली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे रात्री इतक्या वेळा उठ-बस करणे हीच त्यांना खरी धास्ती होती. कमोडची खुर्ची भाड्याने आणली आणि त्या निर्धास्तपणे औषध प्यायल्या. कागदावर याचा उल्लेख कुठेच नव्हता, तो नक्की करा.

कृष्णाकाठची_परिचारिका

सर्वांचे आभार. वरणाचे निथळ पाणी आणि बाटलीचे माप लगेच लिहून घेतले. एस.टी.चा प्रश्न मात्र राहतोच. डॉक्टर, लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ दिली तर चालेल का?

पोटविकार_तज्ज्ञ

चालेल, आणि शक्य तिथे तसेच करावे. तपासणी दुपारी १ वाजता ठेवली, तर दुसरा भाग सकाळी ८ ते १० या वेळेत घेता येतो. पण तेव्हा रुग्ण बसमध्ये असता कामा नये. त्यामुळे एक तर त्याने आदल्या रात्री शहरातील नातेवाईकाकडे मुक्कामाला यावे, किंवा पहाटेच्या गाडीने येऊन दुसरा भाग तुमच्याच विभागात, शौचालय जवळ असलेल्या खोलीत घ्यावा. अशी एक खोली मिळेल का, हे व्यवस्थापनाला विचारून पाहा. फुकट गेलेल्या तपासण्यांचा हिशेब दाखवलात तर नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल. गुंगीचे इंजेक्शन दिले जात असल्याने सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी रुग्णाने दुचाकी चालवू नये, हेही कागदावर असू द्या.