मॉन्ट्रियलला ऑगस्टमध्ये येतोय, फ्रेंच अजिबात येत नाही. घर, शाळा आणि पहिले काही दिवस, मदत हवीय

रसिका_सातासमुद्रापार
नमस्कार मंडळी. नवऱ्याला मॉन्ट्रियलमध्ये जॉब मिळालाय, दोन वर्षांचं वर्क परमिट आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं निघतोय. मुलगी 6 वर्षांची, तिला मराठी येतं आणि मोडकंतोडकं इंग्लिश, फ्रेंच तर तिघांपैकी कुणालाच नाही. शाळा फ्रेंचच असते असं कळलं आणि तेव्हापासून झोप उडालीय, पोरगी वर्गात नुसती बसून राहील का? दुसरं म्हणजे ऑनलाइन एक घर आवडलंय, मालक म्हणतोय की दोन महिन्यांचं डिपॉझिट आत्ताच ट्रान्सफर करा नाहीतर दुसऱ्याला देतो. आपल्याकडे डिपॉझिट देतातच म्हणून द्यावं असं वाटतंय. काय करू?

हिरवी_लाईन
ताई, आधी ते ट्रान्सफर थांबवा. क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, घरमालकाला डिपॉझिट मागताच येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागू शकतो, बास. जो घर न दाखवता दोन महिन्यांचे पैसे मागतोय त्याच्यापासून लांबच राहा. भाडेकराराचा एक ठरलेला सरकारी फॉर्म असतो, त्यातलं कलम जी नक्की वाचा, त्यात आधीच्या भाडेकरूने वर्षभरात दिलेलं सगळ्यात कमी भाडं मालकाने लिहायचं असतं. ते कोरं असेल तर विचारा, लाजू नका.

जाहिरातीत 3½, 4½ असं दिसेल, म्हणजे साडेतीन खोल्या, साडेचार खोल्या, ती अर्धी म्हणजे बाथरूम, आणि किचनही खोली म्हणूनच मोजतात, तेव्हा साडेचार म्हणजे साधारण आपलं टू बीएचके. हीटिंग भाड्यात धरलंय का ते लेखी घ्या, जानेवारीत विजेचं बिल बघून दचकायला होतं. अजून एक, इथे बहुतेक करार 1 जुलैला बदलतात, त्या दिवशी अख्खं शहर सामान हलवत असतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये घरं कमी असतात. पहिला महिना तात्पुरती जागा घ्या आणि इथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पिल्लूची_आई
मी शाळेबद्दलच सांगते कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होते, माझा मुलगा तेव्हा 7 वर्षांचा होता. तुम्ही तात्पुरत्या परमिटवर आहात तर इंग्लिश शाळेसाठी सूट मागता येते, पण ती 3 वर्षांपुरतीच. पुढे इथेच राहायचा विचार असेल तर मी मनापासून सांगेन की फ्रेंचमध्येच घाला, 6 वर्ष हे वय त्यासाठी फार चांगलं आहे. नवीन आलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात, त्यांना क्लास दाक्यय म्हणतात, तिथे सगळीच मुलं फ्रेंच शिकायला आलेली असतात, त्यामुळे आपलं लेकरू एकटं पडत नाही. माझा मुलगा पहिले दोन महिने शाळेत जवळजवळ गप्पच होता, मी रोज रात्री रडायचे. मग नोव्हेंबरात एकदा बूट घालताना तो स्वतःशीच पुटपुटला, 'आतां, आतां', म्हणजे थांब थांब, बुटाची चेन अडकली होती. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

शाळा ऑगस्टच्या शेवटीच सुरू होतात म्हणून आल्याआल्या नाव घाला. जन्मदाखला (आईवडिलांची नावं असलेला, इंग्लिशमध्ये छापलेला), लसीकरणाची नोंद, परमिट आणि पत्त्याचा पुरावा हँडबॅगेतच ठेवा. थंडीतही मुलांना सुट्टीत बाहेर पाठवतात, तेव्हा स्नोपँट, हातमोज्यांचे दोन जोड आणि वर्गात घालायचे वेगळे बूट लागतात, प्रत्येकावर नाव घाला, हातमोजे तर दर आठवड्याला हरवतात.

प्लातो_पेठ
वर सगळं महत्त्वाचं आलंय, मी फिरण्याबद्दल लिहितो. एअरपोर्टवरून 747 नंबरची बस 24 तास असते, थेट डाउनटाउनला येते. मग ओपस कार्ड काढा, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. मेट्रो स्टेशनची दारं गाड्यांच्या वाऱ्यामुळे जाम जड लागतात, मुलीचा हात धरा.

पत्ता लिहिताना 'एस्त' की 'वेस्त' म्हणजे पूर्व की पश्चिम हे विसरू नका. आडव्या रस्त्यांचे नंबर सां-लोरां रस्त्यापासून दोन्हीकडे सुरू होतात, तोच नंबर दोन्ही बाजूंना सापडतो. मी एकदा घर बघायला उलट्या टोकाला जाऊन पोचलो होतो, मालक वाट बघून निघून गेला. शिवाय इथली लोक ज्याला उत्तर म्हणतात ती नकाशावर बरीचशी पश्चिमेकडे झुकलेली आहे, त्यामुळे सूर्य बघून दिशा ठरवू नका.

दुकानात किंमतीवर टॅक्स वेगळा लागतो, 5 आणि 9.975 टक्के, म्हणजे जवळजवळ 15 धरा, साधा किराणा मात्र बिनटॅक्सचा. टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर द्यायची. आणि कुठेही शिरताना आधी 'बाँजूर' म्हणा, मग इंग्लिश बोललात तरी समोरचा आपुलकीने बोलतो, हे मी रोज अनुभवतो.

हिरवी_लाईन
एक राहिलं. सरकारी हेल्थ कार्ड मिळायला 3 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, मधल्या काळाचा प्रायव्हेट इन्शुरन्स भारतातूनच काढून या. आणि सरकारकडून फ्रेंचचे फुकट क्लास असतात, फ्रांसिझास्यों केबेक शोधा, तुम्ही दोघंही लगेच नाव घाला, जागा मिळायला वेळ लागतो.

रसिका_सातासमुद्रापार
किती आभार मानू! त्या मालकाला म्हटलं की सरकारी फॉर्म पाठवा, पहिल्या महिन्याचंच भाडं देऊ, तर तो गायबच झालाय, काल सकाळपासून उत्तर नाही. महिनाभरासाठी जागा बघतेय आता. थंडीचे कपडे मात्र इथूनच घेऊन येऊ का?

पिल्लूची_आई
नको गं. आपल्याकडची जाकिटं उणे 20 ला पुरत नाहीत. ऑक्टोबरमध्ये इथेच घ्या, मुलांचे सेकंडहँड स्नोसूट छान मिळतात, एकेकाने जेमतेम एक थंडी वापरलेले असतात. बॅगेत त्या जागी कुकर आणा.