ब्लॅक हॉक आणि सेंट्रल सिटी: सोन्याचं गाव म्हणून पाहुण्यांना दाखवावं का?

पायवाट
गेल्या शनिवारी आई-बाबांना घेऊन कोलोरॅडोतल्या ब्लॅक हॉकला जाऊन आलो. डेन्व्हरहून तासाभराचा रस्ता. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे आदल्या रात्री जेवताना आमचा तास झाला. १८५९ च्या मे महिन्यात जॉन ग्रेगरीला इथल्या घळीत, खडकातच सोन्याची शीर सापडली आणि हजारो लोक डोंगर चढून आले. 'पृथ्वीवरचा सर्वात श्रीमंत चौरस मैल' असं या पट्ट्याला म्हणायचे.

पोचल्यावर पार्किंगमधून लिफ्ट, लिफ्टमधून थेट कॅसिनोचा गालिचा, सिगारेटचा जुनाट वास नि मशिनींचा किणकिणाट. बाबांनी एका गणवेशवाल्याला "ग्रेगरीची खाण कुठे?" असं विचारलं. त्याला ते नव्या स्लॉट मशिनचं नाव वाटलं. दोन तासांत परत फिरलो.

माझं मत: पाहुण्यांना दाखवायच्या यादीतून हे गाव काढून टाका. इतिहासाची पाटी लावून आत जुगाराचा अड्डा चालवलाय. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबी
असहमत. कॅसिनो आले म्हणून गाव बुडालं नाही, गाव बुडत होतं म्हणून कॅसिनो आले. सोनं संपत आलं, माणसं गेली, दगडी इमारतींची छपरं गळायला लागली. १९९० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी तीन जुन्या खाणगावांना मर्यादित जुगाराची परवानगी दिली: ही दोन आणि क्रिपल क्रीक. ऑक्टोबर १९९१ मध्ये दारं उघडली. जुगारावरच्या कराचा मोठा वाटा, २८ टक्के, राज्याच्या ऐतिहासिक वारसा निधीला जातो आणि त्यातला बराचसा या तीन गावांबाहेर खर्च होतो. राज्यातली किती जुनी कोर्टं, शाळा, स्टेशनं त्या पैशावर उभी आहेत! आपल्याकडे एखाद्या वाड्याला असा निधी मिळाला असता तर पेढे वाटले असते.

मांडवीकर
हिशोबी, 'मर्यादित' हा शब्द तुम्ही किती प्रेमाने लिहिलात! सुरुवातीला एका डावाला कमाल ५ डॉलर. २००८ मध्ये मतदान घेऊन १०० केले, वर क्रॅप्स (फाशांचा जुगार) नि रुलेट (फिरत्या चक्राचा). २०२० मध्ये पुन्हा मतदान, आणि आता मर्यादा ठेवायची की नाही ते गावांनीच ठरवायचं. इमारती पहिल्या महायुद्धाआधीच्या धाटणीच्या हव्यात, असाही नियम होता म्हणे. मग तीसहून जास्त मजल्यांचं हॉटेल कुठल्या खाणवाल्याच्या नकाशावरून बांधलं?

मी पणजीचा. मांडवीतली कॅसिनोची जहाजं हलवणार, हलवणार, हे ऐकत मोठा झालो. मुदतवाढीवर मुदतवाढ. २०२० पासून आम्हा गोंयकारांना आत जायला बंदी, म्हणजे नदी आमची आणि तिच्यावरचा दिवा परक्यांसाठी. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला, कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. एकदा तरी सरकारी आळस कामाला आला.

रागदारी
पायवाट, तुम्ही चुकीच्या गावातून परत फिरलात हो! ब्लॅक हॉक खाली, सेंट्रल सिटी वर, अंतर जेमतेम मैलभर. तिथल्या युरेका स्ट्रीटवर १८७८ चं दगडी ऑपेरा हाउस आहे. कॉर्नवॉल आणि वेल्सहून आलेल्या खाणकामगारांच्या गावाने बांधलं. दिवसा सुरुंग, रात्री गाणं. आत साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. १९३२ पासून उन्हाळ्यात तिथे पुन्हा प्रयोग होतात. शेजारचं टेलर हाउस हे हॉटेल १८७२ चं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट १८७३ मध्ये आले तेव्हा दारापर्यंत चांदीच्या विटांची वाट अंथरली होती. (सोन्याच्या गावात चांदी का, हा प्रश्न बाबांना जरूर विचारा.)

दोन गावांची भाऊबंदकी हा तर वेगळाच विषय. डेन्व्हरहून येताना ब्लॅक हॉक आधी लागतं, सपाट जागाही तिथेच. गाड्या तिथेच थांबायच्या, वरचं गाव कोरडं. म्हणून सेंट्रल सिटीने २००४ मध्ये महामार्गापासून थेट स्वतःपर्यंत आठ मैलांचा रस्ता बांधला. ब्लॅक हॉकला टाळून! तरी मोठा गल्ला खालीच.

खडकसिंग
खाण-अभियंता म्हणून बोलतो. 'पवित्र सोन्याचं गाव बाटवलं' हा सूर मला पटत नाही. वरच्या थरातलं मोकळं सोनं थोड्या वर्षांत संपलं, खाली लागला गंधकयुक्त धातुक, त्यातून सोनं सुटेना. १८६८ मध्ये नॅथनिएल हिल यांनी ब्लॅक हॉकला भट्टी सुरू केली तेव्हा धंदा पुन्हा सावरला. त्याची किंमत? सरपण आणि खाणीतल्या टेकूंसाठी डोंगर बोडके झाले आणि खाणींतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यामुळे क्लिअर क्रीक ओढ्याचा हा परिसर १९८३ मध्ये केंद्र सरकारच्या विषारी जागांच्या यादीत गेला. दारूचे गुत्ते आणि पत्ते तेव्हाही होतेच. फरक इतकाच की तेव्हा हरणारा निदान दगड तरी फोडत होता.

तिखटमीठ
तुम्ही सगळे इमारतींवर बोलताय. मी शेजारच्या काकूंबद्दल बोलते. एकट्या, पेन्शनवर. मैत्रिणींबरोबर सहलीला म्हणून जायच्या, आता एकट्या जातात. डब्यात पोळीभाजी नेतात, कारण 'बाहेरचं महाग पडतं'. बाकीचं तुम्ही समजा. वारसा निधीतल्या एखाद्या छपराची दोन-चार कौलं त्यांची असतील.

हिशोबी
तिखटमीठ, हे लागलं. कराचा हिशेब मी मांडला, तो चूक नाही. पण तो पैसा कुणाच्या खिशातून येतो हा रकाना मी सोडला, हे कबूल. तरीही पायवाट, गाव बघूच नका याला माझा विरोध कायम. कॅसिनोत पाऊल न टाकताही युरेका स्ट्रीट चालता येतो.

पायवाट
वरच्या गावात गेलोच नाही, ही चूक माझी. एक गोष्ट लिहायची राहिली. निघताना बाबांनी माझी नजर चुकवून एका मशिनीत वीस डॉलरची नोट सरकवली. अकरा डॉलर उरल्यावर बटण दाबलं आणि ओंजळ धरून उभे राहिले, नाणी पडतील म्हणून. आली कागदाची पातळ चिठ्ठी. ती त्यांनी वटवली नाही, पाकिटात ठेवलीय. आईला अजून माहीत नाही.

ऑपेराची तिकिटं बघतोय. रागदारी, तिथे कॅसिनोच्या बाहेर पार्किंग मिळतं का?